मोटारींच्या शर्यती टीव्हीवर फुकट दिसायला हव्यात का?

दुसरी पाळी, वाळूज

गेल्या रविवारी गंगापूर तालुक्यात ताईकडे गेलो होतो. भाचा 12 वर्षांचा. वहीच्या मागच्या पानांवर नुसत्या फॉर्म्युला वन शर्यतीच्या गाड्या. पुढचा पंख, मागचा पंख, ड्रायव्हरच्या डोक्यावरची ती संरक्षक कमान, हेलो, तीसुद्धा बरोबर काढलेली. विचारलं, सगळ्यात भारी रेस कोणती वाटली? पोरगं गप्प. अख्खी रेस त्यानं एकदाही बघितलेली नाही. ड्रायव्हर हॅमिल्टन त्याला माहीत आहे, पण तीस सेकंदांचा. रील संपली की हॅमिल्टन संपला.

घरावर पत्रे, पत्र्यावर फ्री डिशची छत्री. छत्री एकदा विकत घेतली की महिन्याचं भाडं नाही. त्यावर भारताची क्रिकेट मॅच दिसते, रेस दिसत नाही. 2022 पर्यंत फॉर्म्युला वन स्टार स्पोर्ट्सवर होती, 2023 ला नेहमीच्या चॅनलवरून गेली, 2024 पासून फॅनकोड या अ‍ॅपचा पास काढावा लागतो. ताईच्या घरात एकच चांगला मोबाइल, आणि तो दाजींच्या खिशात.

सगळं फुकट द्या असं मी म्हणत नाही. इंग्लंडमध्ये 2019 पासून लाइव्ह रेस स्काय या पैसे भरायच्या चॅनलकडं गेल्या, तरी ब्रिटिश ग्रांप्री, म्हणजे तिथली घरची रेस, चॅनल 4 वर फुकट दिसते आणि बाकीच्या रेसचे हायलाइट्सही. तेवढं डीडी स्पोर्ट्सवर का होऊ नये? वाळूजला बजाज आहे, शेंद्र्याला स्कोडा आहे. गाड्या आमच्या हातून जोडल्या जातात आणि गाड्यांचा खेळ मात्र आमच्या पोरांना दिसत नाही.

पास काढणारा, छत्रपती संभाजीनगर

दादा, भाच्याचं वाचून वाईट वाटलं. पण फुकट होतं कधी? केबलवाला दर महिन्याला दारात उभा राहायचा ना? 2019 ला ट्रायनं, म्हणजे टीव्ही-फोनवाल्यांवरच्या सरकारी नियामकानं, नवी पद्धत आणली तेव्हा कळलं की नुसत्या जोडणीचेच 130 रुपये अधिक कर, आणि चॅनलचे वेगळे. आई बघायची मालिका, मी बघायचो रेस, बिल एकच. म्हणून ते फुकट वाटायचं. खरं तर माझ्या रेसचे पैसे शेजारच्या काकूही भरत होत्या, आणि त्यांनी जन्मात कधी रेस बघितली नाही. आता ज्याला बघायचंय तो भरतो. यात अन्याय कुठं आला?

शिवाय ते केबलवरचं बघणं आठवा. गाड्या टायर बदलायला पिटमध्ये वळल्या रे वळल्या की साबणाची जाहिरात. परत येईपर्यंत नंबर बदललेले, आणि कॉमेंट्री करणारा आपण सगळं बघितलंय असं समजून पुढं गेलेला. मी पैसे देतो ते ही कटकट नको म्हणून.

आणि शौक म्हटला की पदरमोड आलीच. 2011 ला ग्रेटर नोएडाला पहिली इंडियन ग्रांप्री झाली तेव्हा सहा महिने पैसे साठवून सचखंड एक्सप्रेसनं दिल्ली गाठली होती. जनरलच्या डब्यात, दाराशी.

दुसरी पाळी, वाळूज

सर, तुम्हाला हा शौक लागला कुठं?

पास काढणारा, छत्रपती संभाजीनगर

होस्टेलला. 2005 साली. आपला नारायण कार्तिकेयन जॉर्डन संघाची गाडी चालवत होता. इंडियानापोलिसच्या रेसमध्ये टायरच्या भांडणात फक्त 6 गाड्या धावल्या आणि आपला गडी चौथा आला. आम्ही तेवढ्यावरही गुलाल उधळला होता.

दुसरी पाळी, वाळूज

होस्टेलच्या टीव्हीचे पैसे तुम्ही भरले होते?

गोदाकाठ, नांदेड

आता बोला की सर! 😄

मी 2023 च्या फेब्रुवारीत हैदराबादला गेल्तो, फॉर्म्युला ई बघायला, म्हणजे विजेवरच्या गाड्यांची रेस. हुसेनसागरच्या कडंनं रस्ता बंद करून ट्रॅक केल्ता. नांदेडहून हैदराबाद म्हणजे आमचं जुनं घरच, पण तिकीट काढायचं म्हटलं की हात खिशात जाईना. दोस्तानं आग्रह केला म्हणून गेलो. जीन-एरिक व्हर्न जिंकला. इंजिनाचा आवाजच नाही, नुसतं शिट्टी मारल्यासारखं सूंऽऽ करून गाड्या जायल्या. माझ्याशेजारी एक मोठे गृहस्थ होते, ते सारखं विचारायले, "पहिला कोण आहे यातला?" त्यांनी याआधी टीव्हीवर बघितलंच नव्हतं, तर कळणार कसं? शेवटी कंटाळून मोबाइलवर क्रिकेटचा स्कोअर बघत बसले. पुढच्या साली तर तिथली रेसच रद्द झाली.

म्हणून म्हणायलाव, आधी डोळ्याला सवय लागली पाहिजे. तिकीट, पास हे सगळं मागून येतं.

काळा कोट, लातूर

भावनेच्या भरात कायदा राहून चाललाय म्हणून लिहिते.

1995 च्या निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यानंतर 2007 चा कायदा आला. "राष्ट्रीय महत्त्वाच्या" क्रीडास्पर्धेचं लाइव्ह प्रक्षेपण ज्याच्याकडे आहे त्यानं जाहिराती काढून ते प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या सरकारी संस्थेला, द्यायचं. टीव्हीवरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातून किमान 75 टक्के मूळ हक्कदाराला, उरलेलं दूरदर्शनला. 2017 ला कोर्टानं आणखी स्पष्ट केलं की ते चित्र दूरदर्शननं स्वतःच्या मनोऱ्यांवरून आणि फ्री डिशवरूनच दाखवायचं, केबल-डीटीएचवाल्यांनी नाही. ताईंच्या पत्र्यावरची छत्री या व्यवस्थेत चपखल बसते.

पण दोन अडचणी आहेत. पहिली, राष्ट्रीय महत्त्व कशाला आहे ते केंद्र सरकार ठरवतं. इंडियन ग्रांप्री 2011 ते 2013 अशी तीनच वर्षं झाली, आणि तेव्हा सरकारी दप्तरात तिची गणना खेळात नव्हे, करमणुकीत होत होती. करांच्या भांडणात पुढं ती बंदच पडली. जिथं आपला माणूस धावत नाही, शर्यत आपल्याकडे होत नाही, तिथं राष्ट्रीय महत्त्व कशाच्या जोरावर मागणार? दुसरी अडचण जास्त मोठी आहे. त्या कायद्याची भाषा केबल, डीटीएच आणि रेडिओची आहे. मोबाइल अ‍ॅप 2007 साली कुणाच्या डोक्यातच नव्हतं. सामना टीव्हीवर न आणता नुसता अ‍ॅपवर नेला, तर कायदा दाराबाहेर उभा राहतो.

तेव्हा मागणी करायचीच तर कायदा दुरुस्त करण्याची करा. नुसतं "आम्हाला दाखवा" म्हणून काही होणार नाही.

कोरडवाहू, बीड

इथं जनावराला पाणी नाही, सोयाबीनला भाव नाही आणि तुम्हाला पेट्रोल जाळणाऱ्या गाड्या फुकट बघायच्यात. धन्य.

काळा कोट, लातूर

दादा, 2016 ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. घागरी भरून घरी आणल्यावर लोक टीव्ही लावतच होते. दुष्काळात माणसानं काहीच बघू नये असं असतं का?

पटाचा शौकीन, हिंगोली

आमच्याकडं शंकरपट असतो, बैलजोड्यांची शर्यत. 2014 च्या बंदीनंतर सात वर्षं बैल दावणीलाच होते, 2021 च्या डिसेंबरात कोर्टानं परवानगी दिली तवा गावात दिवाळी झाली. पट बघायला तिकीट नाही. जोडीवाला प्रवेश फी भरतो, इनाम गावातले पुढारी अन् दुकानदार देतात, बघणारा नुसता धुऱ्यावर उभा राहतो. पण धुऱ्यावर माणूसच नसला तर पुढारी इनाम कामून देईल? चहा-भज्याचे गाडे तरी कोण लावील? बघणाराच नसला तर पट कशाचा.

फॉर्म्युला वनच्या गाडीवर बोटभर जागा मोकळी नसते, सगळी नावं चिकटवलेली. ती नावं कुणी वाचावी म्हणूनच ना? मग माझ्याकडून पास कशाला घेता, मी तर तुमचा बोर्ड वाचायला फुकट आलोय.

पास काढणारा, छत्रपती संभाजीनगर

पटाचं उदाहरण आवडलं, खरंच. पण तिथं पट लावायला रान आणि चुन्याची फक्की पुरते. इथं प्रत्येक गाडीत कॅमेरे, हेलिकॉप्टर, वर्षाला वीसवर देश. आणि फुकट देणाऱ्यांचं पण बघा. ऑस्ट्रियात 2021 पासून फॉर्म्युला वन फुकट दिसते, ओआरएफ आणि सर्व्हस टीव्ही ही दोन चॅनल वाटून दाखवतात. यातला सर्व्हस टीव्ही रेड बुलचा. म्हणजे शर्यतीत गाडी त्यांची, चॅनलही त्यांचं. उद्या आपल्याकडे असं झालं तर बघणारा कुणाच्या चष्म्यातून बघेल?

आणि कंपन्यांचं फुकट टिकत नाही हो. 2023 ला जिओसिनेमानं आयपीएल फुकट दाखवलं, घराघरात सवय लागली. 2025 ला हॉटस्टारशी लग्न लागलं आणि थोडा वेळ बघितलं की पैशाची पाटी. आधी सवय लावायची, मग दार लावायचं.

दुसरी पाळी, वाळूज

हे मात्र पटलं. म्हणूनच मी कंपनीकडं नाही, डीडीकडं मागतोय. आणि चष्म्याचं म्हणाल तर बजाजनं 2007 ला केटीएम या मोटारसायकल कंपनीत हिस्सा घेतला, केटीएम 2017 पासून मोटोजीपीत, म्हणजे मोटारसायकलींच्या शर्यतीत, धावते. त्यांनी एखादी रेस स्वतःच्या खर्चानं दाखवली तर मी त्यांच्याच चष्म्यातून खुशाल बघीन. दहा वर्षं त्यांच्या लाइनवर नट आवळलेत, चष्मा ओळखीचा आहे.

काळा कोट ताई, कायद्याची माहिती कामाची. करमणुकीचं वाचून हसू आलं. 300 च्या वेगानं जाणारा माणूस करमणूक करतोय म्हणे.

गोदाकाठ, नांदेड

ते राहू द्या. भाच्याला कधी दाखवायलात?

दुसरी पाळी, वाळूज

त्याच रविवारी दाखवली की. युरोपातली रेस होती, म्हणजे आपल्याकडं साडेसहाला. पास माझा, मोबाइल माझा. लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवला. भाचा, त्याचे चार मित्र, दाजी आणि शेजारचे एक आजोबा. आजोबांना टायर बदलायला दोन-तीन सेकंद लागतात हे काही केल्या खरं वाटेना. दर पिटस्टॉपला "परत दाखव" म्हणायचे. चाळीस लॅप झाले आणि लाइट गेली. लाइटीमागं थोड्या वेळानं टॉवरही गेला. भाच्यानं वही काढली आणि त्या वेळी कोणती गाडी कुठं होती ते लिहून ठेवलं. सकाळी शाळेच्या गडबडीत माझ्या मोबाइलवर निकाल बघितला, तर पहिले तीन तेच.

पास काढणारा, छत्रपती संभाजीनगर

एका पासवर सात माणसं. कंपनीला कळवू का? 😄

पुढच्या वेळी पॉवर बँक आणि डाउनलोड केलेले हायलाइट्स घेऊन जा. माझ्याकडं जुना टॅब पडून आहे, स्क्रीन कोपऱ्यात तडकलीय पण चालतो. इथल्या बाबा पेट्रोल पंपावर ठेवतो, पाळी सुटली की घेऊन जा.