केळीचे मदेइरा बेट पाहायचे आहे

रावेरहून प्रश्न: मी केळी उत्पादक आहे. पोर्तुगालच्या मदेइरा बेटावरही केळीची लागवड होते हे समजल्यापासून सपत्नीक तिकडे जाण्याची ओढ लागली आहे. तयारी कोठून सुरू करावी?

जळगावहून उत्तर: आधी शेंगेन व्हिसा (पोर्तुगालसह युरोपातील अनेक देशांत चालणारा एकच व्हिसा) पाहावा. त्यासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवासविमा लागतो.

धुळ्याहून उत्तर: लिस्बनहून विमानाने मदेइराची राजधानी फुंशाल गाठावी. बेटाच्या ओल्या उत्तर भागातील पाणी कोरड्या दक्षिण उतारांवरील पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांपर्यंत आणणारे 'लेवादा' नावाचे पाट तेथे १५व्या शतकापासून खोदले गेले आहेत. आपण पांझरा नदीवरची फड पद्धत (बंधाऱ्याचे पाणी पाटांनी शेतांना सामाईकपणे देण्याची जुनी रीत) पाहिली असेल, तर या पाटांच्या कडेने एक दिवस तरी चालावेच, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

रावेरहून: मनापासून आभार. दोन दिवस पाटांसाठीच राखून ठेवतो.