अनुभव धागा: 'फ्युरी रोड' पाहून तुमचं कोणाशी वाजलं?

तिसरी घंटा

'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' मे २०१५ मध्ये आला. तेव्हा माझं आणि माझ्या कॉलेजातल्या मित्राचं त्यावरून जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही. त्याचं म्हणणं एका ओळीत मावतं: "दोन तासांचा सिनेमा. गेले नि आले. गोष्ट कुठाय?" माझं म्हणणं लांबलचक आहे आणि ते संपेपर्यंत तो थांबत नाही, म्हणून इथे लिहितोय.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: जगाची वाट लागलेली. पाणी, पेट्रोल आणि गोळ्या ज्यांच्या हातात, ते राजे. त्यातला एक इमॉर्टन जो. त्याने कोंडून ठेवलेल्या पाच बायकांना त्याचीच सरदार फ्युरिओसा टँकरमधून पळवते. मॅक्स नावाचा भ्रमिष्ट माणूस नको असताना त्यात सापडतो. मग पाठलाग, आणि शेवटी त्याच वाटेने परत. म्हणजे मित्राचं खोटं नाही. पण या सिनेमात गोष्ट बोलण्यात नसून वस्तूंमध्ये ठेवलीय. गाड्यांची स्टिअरिंगं देव्हाऱ्यासारखी रचून ठेवलीत. लढायला निघालेला पोरगा त्यातलं आपलं चाक उचलतो, मगच गाडीत बसतो. या पोरांचा धर्म काय, हे कोणी समजावत बसत नाही.

"म्हणजे चाकाची पूजा दाखवली की झाली गोष्ट?" इति मित्र.
"दसऱ्याला तू स्कूटरला हार घालतोस, तेव्हा मी गोष्ट विचारतो का?"

यावर तो चिडला. असो. रसग्रहण नको, ते भरपूर झालंय. कोणासोबत पाहिलात आणि नंतर चहावर काय वाद झाला ते लिहा. शेवट फोडला तरी चालेल. न आवडलेल्यांनीही लिहावं.

ग्रीसचा हात

मी फौजेत ईएमईला होतो, गाड्या दुरुस्त करण्यात नोकरी गेली. सोबत बसलेला दोस्त तोफखान्यातला ड्रायव्हर. फ्युरिओसाचा टँकर पडद्यावर आला आणि हा ओरडला, "उस्ताद, ही तर टाट्रा!" अगदी बरोबर. वरून जुन्या शेवरलेचं अंग चढवलंय, खाली चेक बनावटीची टाट्रा ८१५. आपल्याकडे बीईएमएल या सरकारी कंपनीने बनवलेल्या टाट्रा फौजेत वर्षानुवर्षं चालल्या. पुण्याच्या पाषाणातल्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने घडवलेला पिनाका रॉकेट लाँचरही टाट्रावरच बसतो. हिला शिडीसारखी चासी नसते. मधोमध एक जाड नळा, आणि त्याला जोडलेला प्रत्येक चाकाचा अर्धा अ‍ॅक्सल आपापला वरखाली होतो. रिकामी उभी असली की चाकं फेंगडी दिसतात. ज्याने ती चालवलीय तो लांबूनही ओळखतो.

वाद झाला तो आगीवरून. इंजिनावर आग लागते तेव्हा फ्युरिओसा पुढचा फाळ वाळूत घालते, वाळू उसळून इंजिनावर पडते आणि आग विझते. दोस्त म्हणाला, "क्या बात है!" मी म्हणालो, "एअर फिल्टर तुझा बाप साफ करणार?" वाळू आत गेली की रिंगा गेल्या, लायनर गेले, इंजिन खोला. त्याचं म्हणणं, दुश्मन मागे असताना ड्रायव्हरने फिल्टरचा विचार करायचा नसतो, तो वर्कशॉपचा प्रश्न. हेच वाक्य मी सबंध नोकरीत ड्रायव्हरांकडून ऐकलंय. सिनेमाचं राहिलं बाजूला, आम्ही लेह रस्त्यावरच्या एका जुन्या क्लचप्लेटवर पोचलो.

शेवटची रांग

मी झोपलो होतो. एवढ्या आवाजात. मध्यंतरात मित्राने हलवून उठवलं. विचारलं, "कुठे पोचले?" तो म्हणाला, "अजून जातायत." पुन्हा झोपलो. जाग आली तेव्हा परत येत होते. धागाकर्त्याच्या मित्राला माझा नमस्कार सांगा.

तिसरी घंटा

सांगणार नाही. आधीच तो माजलाय.

कट टू

पुण्यात एडिटिंग शिकत होतो, खोलीतला मित्र कॅमेऱ्याचा विद्यार्थी. आमचा वाद श्रेयाचा.

माझी बाजू: संकलक मार्गारेट सिक्सेल. दिग्दर्शक जॉर्ज मिलर यांची पत्नी, आणि याआधी तिने असा मारधाडीचा सिनेमा कापलेलाच नव्हता. तिच्यापुढे सुमारे ४८० तासांचं चित्रण येऊन पडलं. त्यातून दोन तास काढले, जवळपास २,७०० तुकड्यांचे. म्हणजे सरासरी पावणेतीन सेकंदांचाही एक शॉट नाही. तरी कोण कुठल्या गाडीवर आहे, कोण कोणाच्या डाव्या अंगाला आहे, याचा एकदाही गोंधळ होत नाही. त्या वर्षीचं संकलनाचं ऑस्कर तिला मिळालं. सिनेमाला एकूण सहा मिळाली.

मित्राची बाजू: जॉन सील. सत्तरीच्या घरातला, निवृत्त झालेला कॅमेरामन, या सिनेमासाठी परत आला. मित्राने टीव्हीच्या काचेवर बरोबर मध्यभागी एक टिकली चिकटवली आणि सिनेमा लावला. नाक, डोळा, बंदुकीची नळी, गिअरवरचा हात, जे बघायचं ते दर शॉटला टिकलीच्या मागे येत होतं. "डोळ्याला शोधावं लागत नाही, म्हणून तुझे कट पचतात," तो म्हणाला. "मध्यभागी आम्ही ठेवलं, तुम्ही नुसतं जोडलंत."

मी म्हटलं, बरं, आता वेग बघ. काही ठिकाणी माणसं किंचित झटक्याने हलतात, जुन्या मूकपटासारखी. बराचसा सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमच्या ठरलेल्या वेगाने चालतच नाही. जिथे हालचाल डोळ्याला पकडता येत नव्हती तिथे ती मंद केलीय, जिथे फारच सहज कळत होती तिथे पळवलीय. हे टेबलावरचं काम आहे. तो म्हणाला, "टिकली काढू का?" म्हटलं, राहू दे. आमच्या टीव्हीवर ती बरेच महिने होती, बातम्या लावल्या की निवेदिकेच्या नाकावर बसायची.

मांजराकाठ

लातूर, २०१६ चा उन्हाळा. त्या मार्चात पाणी भरायच्या ठिकाणी गर्दीला बंदी होती, १४४ कलम. एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याच दिवसांत आम्ही दोघांनी हा सिनेमा लॅपटॉपवर पाहिला. मित्र पाणीपुरवठ्याच्या कामातला.

सुरुवातीलाच तो प्रसंग आहे. इमॉर्टन जो कड्यावरून पाणी सोडतो, खाली माणसं भांडी घेऊन एकमेकांवर पडतात, आणि तो झडप बंद करतो. वर उपदेश, की पाण्याची चटक लावून घेऊ नका. मला वाटलं मित्र काहीतरी हळवं बोलेल. त्याने सिनेमा थांबवला आणि म्हणाला, "इतक्या उंचावरून सोडतंय येडं. निम्मं वाऱ्यानं उडालं, निम्मं वाळूत जिरलं. खाली तोट्या काढल्या असत्या तर याच पाण्यात कितीतरी घरं भागली असती."

"अरे, त्याला पाणी वाटून द्यायचं नाहीये. दाखवायचंय."

"दाखवायला पाणी कशाला लागतंय? आपल्याकडं टँकर येणार, एवढ्या नुसत्या बातमीवर गल्ली हलते."

पुढे शेवटी इमॉर्टन जो मेल्यावर वरच्या बायका सगळी धार मोकळी सोडतात, लोक नाचतात. मला आनंद झाला. ह्याचा प्रश्न, "उद्या काय?" इमॉर्टन ते पाणी जमिनीच्या पोटातून उपसत होता, म्हणजे आपल्या बोअरसारखंच. राजा बदलला म्हणून खालची पातळी वर येत नाही. मी म्हणालो, सिनेमा तिथे संपतो. तो म्हणाला, "म्हणूनच संपवला."

ओपीडीबाहेर

मी आणि माझी रूममेट, दोघी तेव्हा रेसिडेन्सीत. ती भूलशास्त्राची, मी मेडिसिनची. आम्हाला सिनेमाला कोणी नेऊ नये.

मॅक्सच्या पाठीवर ओ निगेटिव्ह गोंदलेलं आहे आणि त्याला नक्स नावाच्या जोच्या आजारी सैनिकाच्या गाडीला पुढे बांधून, नळीने थेट त्याचं रक्त नक्सला चढवत नेतात. माझी तक्रार: नळीत गोठू न देणारं औषध नसेल तर काही मिनिटांत गुठळी होऊन नळी बंद. शिवाय ओ निगेटिव्हच्या लाल पेशी कोणालाही चालतात, पण हे अख्खं रक्त आहे, त्यातल्या प्लाझ्मात ए आणि बी दोन्हींविरुद्धच्या अँटिबॉडी आहेत, त्याचं काय? रूममेट म्हणाली, "गाडीच्या टपाएवढ्या उंचीवर माणूस बांधलाय, प्रवाह तरी मिळेल. तू कॅज्युअल्टीत इतका विचार कधी करतेस?"

घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की मिलर स्वतः डॉक्टर. सिडनीच्या हॉस्पिटलात अपघातातली माणसं बघितली, आणि त्या नोकरीच्या पैशावर १९७९ चा पहिला 'मॅड मॅक्स' उभा करायला हात लावला. मग शेवटचा प्रसंग वेगळाच दिसायला लागला. फ्युरिओसाच्या छातीत हवा साठत चाललीय, प्रत्येक श्वासागणिक फुप्फुस दबतंय. मॅक्स सुरीने फासळ्यांच्या मधे भोक पाडून ती हवा काढतो, मग स्वतःचं रक्त लावतो, आणि सबंध सिनेमात पहिल्यांदा तिला आपलं नाव सांगतो. मी म्हटलं, हे डॉक्टरनेच लिहिलंय, उपचारांचा क्रमसुद्धा बरोबर आहे. रूममेट: "भोक पाडलं. हवा बाहेर नेणारी ड्रेनची नळी कुठाय?" ती आता परीक्षक आहे. विद्यार्थ्यांची दया येते.

भिंतवाला

कोल्हापूर. आमचा दोस्त साउंड सिस्टीम भाड्यानं देतो. सिनेमात स्पीकरची अख्खी भिंत घेतलेला ट्रक येतोय, पुढं लटकलेला आंधळा गिटारवाला, गिटारातनं आग. दोस्त खुर्चीत उभा राहिला. मी म्हटलं, भावा, हे काय पटत नाही, लढाईत गिटार कशाला? तर म्हणाला, "शिंगं-तुताऱ्या कशाला हुत्या मग? आणि मागं ढोलवाली बसल्यात बघ, बेस तिकडनंच येतोय." मग त्याचं चालू झालं, जनरेटर कुठं ठेवला असंल, एवढ्या धुळीत स्पीकरचे कोन टिकत न्हाईत, वगैरे. आग खरी होती आणि गिटारही वाजणारी होती, हे मी नंतर त्याला दाखवलं. त्या दिवसापास्नं तसली गिटार करून घ्यायचं त्याच्या डोक्यात आहे. घरच्यांनी नाही म्हटलंय.

डबलसीट

सगळे गाड्यांवरच घसरलेत म्हणून लिहिते. मी आणि माझी शाळेतली मैत्रीण. मला सिनेमा फार आवडला, तिला राग आला.

माझा आवडता प्रसंग रात्रीच्या चिखलातला. बंदुकीत तीन गोळ्या उरल्यात. मॅक्स दोन मारतो, दोन्ही चुकतात. तिसरीच्या वेळी तो काही न बोलता बंदूक फ्युरिओसाकडे देतो, ती त्याच्या खांद्यावर नळी टेकवते, श्वास रोखायला सांगते आणि नेम बरोबर बसतो. त्यावर कोणी टाळी नाही, टोमणा नाही, त्याचा अहंकार दुखावला वगैरे नाही. सिनेमाचं नाव ज्याच्या नावाने, तो स्टँड म्हणून उभा आहे.

मैत्रीण म्हणाली, "आणि त्या पाच जणी पहिल्यांदा कशा दिसतात सांग. अंगावर पांढऱ्या चिंध्या, नळीने एकमेकींवर पाणी." पळून जाणाऱ्या बायका आहेत हे सांगायला कॅमेऱ्याला तेच सुचलं का? मी म्हटलं, मिलरने नाटककार ईव्ह एन्सलरला चित्रीकरणाच्या वेळी नामिबियात बोलावून घेतलं होतं, अशा कैदेतून आलेल्या बायकांबद्दल ती कलाकारांशी बोलली. "चांगलंच केलं. कपडे बदलले का?"

नाही बदलले. वेशभूषेचं ऑस्कर जेनी बीवनला मिळालं, जिला आधीचं एका शांत, सभ्य ब्रिटिश सिनेमासाठी मिळालं होतं, आणि ती नकली लेदरचं जॅकेट घालून ते घ्यायला आली. हे मी मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ती हसली, पण मुद्दा सोडला नाही. तो मला अजून खोडता आलेला नाही, आणि खांद्याचा प्रसंग तिला.

सिडनीकर

आम्ही ऑस्ट्रेलियात राहतो. पुण्याहून आलेल्या बालमित्राला हट्टाने ब्रोकन हिलला नेलं, सिडनीहून अकराशे किलोमीटरच्या वर. पुढे सिल्व्हर्टन नावाचं जेमतेम वस्तीचं गाव आहे, १९८१ चा दुसरा भाग त्या माळावर झाला, तिथे त्याचं छोटं संग्रहालयसुद्धा आहे. 'फ्युरी रोड'ही इथेच होणार होता. पण पाऊस असा पडला की लाल माळावर फुलं आली, आणि उजाड जग दाखवायला जागाच उरली नाही. गाड्या बोटीने नामिबियाला न्याव्या लागल्या, २०१२ मध्ये तिथे चित्रीकरण झालं.

मित्राने गाडीतून उतरून झुडपं बघितली. "वाळवंट कुठाय?" म्हटलं, हेच. "यापेक्षा आमचं माण-खटाव बरं." रात्री हॉटेलात भांडण, की सिनेमाला खरी जागा लागते का. त्याचं मत, निम्मं तर कॉम्प्युटरवर केलंय. ते खोटं नाही, वादळ, जोचा किल्ला, फ्युरिओसाचा नसलेला हात, हे सगळं नंतरचं काम. पण धावत्या गाडीवर उंच काठीच्या टोकाला झुलणारी माणसं खरी आहेत, आणि ती बघताना पोटात जो खड्डा पडतो तो त्यामुळे. याच मालिकेतला 'फ्युरिओसा' हा सिनेमा २०२४ मध्ये आला तेव्हा त्याचं काही चित्रीकरण पुन्हा याच भागात झालं होतं. त्याला मी मेसेज केला. उत्तर आलं: "झुडपं दिसली."

तिसरी घंटा

मस्त चाललंय. कृष्णधवल आवृत्ती कोणी पाहिलीय का? मिलर तिलाच सर्वांत चांगली म्हणतात.

अर्धा कप

पाहिली. छपाईच्या धंद्यातल्या मित्रासोबत, म्हणजे रंग हेच त्याचं पोट. मला चेहरे जास्त दिसले, धूळ जास्त जड वाटली. तो म्हणाला, रंगीतमध्ये दिवस भगवा आणि रात्र निळी, त्यामुळे वेळ कळत होती, इथे सगळं एकच राखाडी. आणि वादळातल्या त्या लाल मशाली? लाल नसेल तर ती नुसती धूर सोडणारी काठी. मी म्हटलं, तुझ्या डोक्यात लाल भरलेलंच आहे, तू पहिल्यांदा बघणारा नाहीस. मग दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी लावून बघायचं ठरलं. रविवारी माझ्याकडे बसतोय. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी आवाजाबद्दल आधीच निरोप धाडलाय.