प्रायमिंग कप म्हणजे चोक नव्हे
जुन्या इंजिनांच्या सिलिंडरवर सुरू करताना पेट्रोल ओतायला एक छोटा पितळी कप असे, तोच प्रायमिंग कप. 'हा कप म्हणजे जुन्या काळचा चोकच' असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. चोक कार्बुरेटरमध्ये (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागात) जाणारी हवा अडवतो, म्हणजे पेट्रोल जास्त ओढलं जातं; पण त्यासाठी इंजिनाने ओढ तर घ्यायला हवी! हँडलने फिरवताना ती फार कमी असते. कपातलं पेट्रोल मात्र कार्बुरेटर टाळून थेट सिलिंडरमध्ये उतरतं.

वरुडकडे आमच्या संत्र्याच्या बागेत आजोबांचं पेट्रोलवर सुरू होऊन मातीतेलावर चालणारं इंजिन होतं. थंडीच्या पहाटे ते कपाखालचा कॉक (छोटी तोटी) उघडून जेमतेम अर्धं झाकण पेट्रोल सोडत, कॉक बंद करत, मगच चाक फिरवत. एकदा घाईत मी तीन झाकणं ओतली. जास्तीच्या पेट्रोलने सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुवून निघतं, कॉम्प्रेशन (आतला दाब) उरत नाही. प्लग काढून पुसला, आत थोडं ऑइल सोडलं, तेव्हा कुठे ते धडधडलं.