अल्ट्रासॉनिक कटर: कड मागून परत चिकटते, आणि नवं पातं बसवल्यापासून ओव्हरलोड

फेल्टकाम:
पातं सेकंदाला ४०,००० वेळा थरथरवणारा, ४० किलोहर्ट्झचा सेट आहे, टायटॅनियम हॉर्नला (थरथर पात्यापर्यंत नेणारा धातूचा दांडा) बदलता येणारं पातं. माल ६ मिमी जाडीचं पॉलिएस्टर फेल्ट. कापलेली चीर पात्यामागे पुन्हा जुळते आणि कड काचेसारखी कडक होते. दुसरं, स्टीलऐवजी त्याच मापाचं कार्बाइड पातं लावलं, तर हवेत स्विच दाबला तरी ओव्हरलोड दाखवतं. अॅम्प्लिट्यूड (टोक किती हलतं ते) वाढवू का?

हॉर्नट्यूनर:
वाढवू नका. हवेतच ट्रिप होतंय म्हणजे मालाचा दोष नाही. कार्बाइड स्टीलच्या जवळपास दुप्पट जड. टोकाला वजन वाढलं की हॉर्नची रेझोनन्स फ्रिक्वेन्सी (ज्या गतीने तो सहज थरथरतो ती) खाली सरकते, आणि जनरेटर (वीज पुरवणारा डबा) ती ठरावीक पट्ट्यातच पकडू शकतो. जुनं पातं परत लावून बघा. हवेतली पॉवर पूर्वीइतकीच आली तर कन्व्हर्टर (विजेची थरथर करणारा भाग), बूस्टर (ती थरथर कमी-जास्त करणारा भाग) ठीक आहेत. मग कार्बाइडसाठीच ट्यून केलेला हॉर्न घ्या, नाहीतर पातं आखूड हवं.

बसवताना टेकणारी बाजू पुसून घ्या, बर (कडेला राहिलेले धातूचे टोकदार कण) काढा, स्क्रू टॉर्क रेंचनेच आवळा. जोड सैल असेल तर तिथे काळा डाग पडतो. आणि ४० किलोहर्ट्झ कानाला ऐकूच येत नाही. चिरका आवाज आला तर जोड सैल आहे किंवा पात्याला तडा गेलाय.

कडकापड:
चिकटण्याचं बोलतो. फेल्ट वितळतंय, कारण पातं एका जागी जास्त वेळ घासतंय. अॅम्प्लिट्यूड थोडं कमी करा, वेग वाढवा, आणि चीर मागे ओढून उघडी ठेवा. पात्यामागे पातळ पाचर बसवली तरी चालते. पातं जितकं जाड तितकी बाजूंनी घासाघीस जास्त, म्हणून पातळ घ्या. कोपऱ्यावर हात थांबतो तिथेच गाठ होते. थांबण्याआधी स्विच सोडा.

अंदाजासाठी हिशोब: टोक एका बाजूला १० मायक्रॉन हलत असेल तर त्याचा कमाल वेग २ × ३.१४ × ४०,००० × ०.००००१, म्हणजे सुमारे २.५ मीटर प्रति सेकंद. हाताचा वेग याच्या कितीतरी खाली असतो, त्यामुळे वेग वाढवायला जागा भरपूर आहे.

फेल्टकाम:
स्टीलचं पातं लावलं, पॉवर पूर्ववत. पाचरीने चीर उघडी राहते. पण पात्यात तडा आहे का हे कसं ओळखायचं?

हॉर्नट्यूनर:
गॉगल लावून पात्यावर पाण्याचे दोन-तीन थेंब सोडा आणि क्षणभर चालवा. पाणी धुक्यासारखं उडतं. टोकाला जोरात, नोडजवळ, म्हणजे जिथे थरथर नसते तिथे, जवळजवळ नाही. मध्येच एखादी रेघ वेगळी उडाली, किंवा एकच बाजू कोरडी राहिली, तर पातं टाकून द्या. चालू पात्याला बोट लावू नका; हलताना दिसत नाही, पण कापतं आणि भाजतंही.

कडकापड:
एक राहिलं. हेच सेटिंग सुती कापडाला लावू नका. सुताला वितळायचं माहीत नाही, कड सील होणार नाही, फक्त धार जाईल.