नदी भरून वाहतेय, तरी टर्बाइन 130 ऐवजी 90 किलोवॅटच का देतंय?

प्रश्न
साठा नसलेला, नदीच्या प्रवाहावर चालणारा छोटा जलविद्युत प्रकल्प. फोरबे (पाइपाच्या तोंडाशी असलेली पाण्याची टाकी) ते टेलरेस (टर्बाइनमधून सुटलेलं पाणी नेणारा कालवा) 40 मीटर हेड (पाण्याच्या पातळ्यांतला उंचीचा फरक), विसर्ग सेकंदाला 0.5 घनमीटर, 300 मीटर लोखंडी पेनस्टॉक (टर्बाइनकडे पाणी नेणारा पाइप), एक फ्रान्सिस टर्बाइन. नदीला पाणी चढलं की उत्पादन उलट उतरतं. फोरबेचा सांडवा वाहत असतो, पण गाइड व्हेन (टर्बाइनमध्ये पाणी कमी-जास्त सोडणारी पाती) 70 टक्क्यांपुढे उघडत नाहीत. टर्बाइनजवळचं दाबाचं गेज (टेलरेसच्या पाण्यापेक्षा 2 मीटर वर) मशीन बंद असताना 3.7 बार (1 बार म्हणजे सुमारे 10 मीटर पाण्याचा दाब), चालू असताना 3.55 दाखवतं. रनर (टर्बाइनचं फिरणारं चाक) झिजला असेल का?

प्रतिसाद 1
रनरला एवढ्यात हात लावू नका. तो झिजला असता तर व्हेन पूर्ण उघड्या राहून किलोवॅट कमी पडले असते. पूर्ण विसर्गाला पेनस्टॉकमध्ये हेडमध्ये साधारण 3 मीटर घट होते असं धरलं, तर गेज 3.4 च्या आसपास उतरायला हवं. 3.55 वर थांबतंय, म्हणजे पाणीच कमी जातंय.

संशय फोरबेतल्या लेव्हल सेन्सरवर (पाण्याची पातळी मोजणाऱ्या). तो कचरा अडवणारी जाळी आणि पेनस्टॉकच्या मध्ये असतो, सांडवा मात्र जाळीच्या अलीकडे, नदीच्या बाजूला. जाळीत पालापाचोळा अडकला की पलीकडची पातळी घसरते, कंट्रोलर पाणी संपत आलं असं समजून व्हेन मिटवतो आणि उरलेलं पाणी सांडव्यावरून जातं. दोन्ही बाजूंची पातळी मोजा.

प्रश्नकर्ता
मोजली. 55 सेंटीमीटर फरक! सेन्सरच अलीकडे हलवला तर?

प्रतिसाद 2
अजिबात नको. तो पेनस्टॉकच्या तोंडाची राखण करतो. तोंडावर पुरेसं पाणी नसेल तर भोवरा होतो, हवा आत ओढली जाते, मशीन हादरायला लागतं. खरं तर 40 मीटरपैकी 55 सेंटीमीटर हेड गेलं तर दीड टक्काही नुकसान नाही, धोका हवेचाच. अलीकडे दुसरा सेन्सर बसवा आणि फरक 15 सेंटीमीटर झाला की अलार्म वाजू द्या.

प्रतिसाद 3
जाळी साफ करताना आधी लोड (मशीनवरचा विजेचा भार) उतरवा, प्रवाहाच्या दाबाने चिकटलेला कचरा सैल होतो. दाताळं खालून वर ओढा. पण व्हेन झटकन मिटवू नका. दाबाची लाट लोखंडी पाइपात सेकंदाला सुमारे 1000 मीटर धावते. 2 मीटर वेगाचं पाणी एकदम अडवलं तर दाब सुमारे 200 मीटर हेडइतका उसळू शकतो. 300 मीटर पाइपात लाटेची जा-ये 0.6 सेकंदाची, त्याच्या कितीतरी पट वेळ बंद करायला द्या. ग्रिड (विजेचं जाळं) गेल्यावरही हेच. तेव्हा मशीनचा वेग वाढणारच, म्हणून जनरेटर रनअवे वेग (लोड सुटल्यावर टर्बाइन गाठतं तो कमाल वेग) सोसणारा हवा.

आणि गढूळ पाण्यात गाळटाकीचा तळाचा दरवाजा रोज उघडा. टाकी भरली की वाळू थेट व्हेनच्या फटींत जाते. मग मात्र रनरची काळजी खरी ठरेल.