जुने स्टुडिओ फ्लॅश: दुरुस्त करावेत की मोडीत काढावेत?

कवडसा: काकांकडून ४०० वॉट-सेकंदांचे दोन मोनोलाइट (वीजपुरवठा आतच असलेले स्टुडिओ फ्लॅश) आलेत. बरीच वर्षं पडून होते. एकाचा मॉडेलिंग दिवा (प्रकाश कसा पडेल ते दाखवणारा, सतत जळणारा) लागतो, पण फ्लॅश उडत नाही. दुसरा अजून प्लगला लावलेला नाही. खर्च करावा का?

सोल्डरगन: दुसरा एकदम फुल पॉवरवर टाकू नका! फ्लॅशसाठी वीज साठवणाऱ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला, तो पडून राहिला की, ऑक्साइडचा थर खराब होतो. पूर्ण व्होल्टेज दिलं की कपॅसिटर तापतो, फुगतो, कधी फुटतोही. आधी सर्वांत कमी पॉवरवर ठेवा, मग हळूहळू वाढवा. आणि खोलायचा मोह आवरा. प्लग काढल्यावरही आत जीवघेणा चार्ज उरतो. पहिल्याची ट्यूब, म्हणजे फ्लॅश जिच्यात उडतो ती काचेची नळी, कशी दिसते?

कवडसा: टोकांना काळी, एक बारीक चीरही आहे.

तिसरा_पडदा: चीर असेल तर ट्यूब गेलीच. त्याच मॉडेलची नवी मिळत असेल तरच पैसे घाला. कपॅसिटर एकवेळ सापडतो हो, ट्यूबचं कठीण. दुसरा चालला तरी सिंक केबल थेट डिजिटल कॅमेऱ्यात खुपसू नका, काही जुन्या फ्लॅशचं ट्रिगर व्होल्टेज (केबलमधून कॅमेऱ्यावर येणारं) २०० व्होल्टच्या वर असतं, कॅमेरा बिघडू शकतो. केबलऐवजी बिनतारी रेडिओ ट्रिगर वापरा, त्याच्या फ्लॅशला लावायच्या रिसीव्हरला ते व्होल्टेज झेपतं का तेवढं बघून. सोबत सॉफ्टबॉक्स (प्रकाश मऊ करणारे) आले असतील तर ते मात्र ठेवाच.