युद्धपटातला ताण आवाजातून कसा आणायचा? सल्ला हवाय

कोरीपाटी: दहा मिनिटांचा लघुपट करतोय. खंदकात दोन सैनिक, शत्रू एकदाही दिसत नाही. चित्रीकरण संपलंय, आता आवाजापाशी अडलोय. हाताशी साधा रेकॉर्डर, जुना हेडफोन आणि फुकटचं सॉफ्टवेअर आहे. नवीन काही घेणार नाही, पैसे संपलेत. काय करू? कुठले सिनेमे कान देऊन ऐकू?

भोंगा७०: आधी स्पीकर घ्या. सबवूफर नसेल तर तोफ म्हणजे दार आपटल्यासारखी वाटते. माझ्याकडे पाच स्पीकर आणि एक वूफर आहे. 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' लावला की कपाटाच्या काचा थरथरतात.

कोरीपाटी: घेणार नाही म्हटलंय हो वर.

रातकिडा: 'डंकर्क' (२०१७) ऐका. संगीतकार हान्स झिमरने त्यात शेपर्ड टोन वापरलाय. सप्तकाच्या अंतरावरचे सूर एकत्र चढत जातात. वरचा विरतो, तेवढ्यात खालून नवा शिरतो. सूर चढतोय असं सतत वाटतं, पण पोचत कुठेच नाही. फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येही जमतं.

खडूस_काका: तो टोन ऐकून ऐकून कान किटले आता. संगीतच नको. 'रायन'च्या (१९९८) सुरुवातीच्या किनाऱ्यावरच्या लढाईत संगीत आहे का? नाही. कप्तानाचे कान बधिर होतात तेव्हा आपलेही होतात.

भोंगा७०: तेच तर म्हणतोय. ते बधिर होणं माझ्या वूफरवर ऐका!

फिरकी: अवांतर: 'डंकर्क'मधली ती किंचाळणारी विमानं. जर्मन स्टुकांना खरंच भोंगे बसवलेले असत, वाऱ्याने फिरणारे. खालच्यांना धडकी भरावी म्हणूनच.

खडूस_काका: आयडी बघून बोला, भोंगा इथेही आहे.

दबकी_पावलं: माझी फजिती सांगते. मी बंदुकीचा बार आणि गोळी लागणं एकाच क्षणी ठेवलं होतं. प्रेक्षकांत एक निवृत्त सैनिक होते, ते हसले. रायफलची गोळी बहुधा आवाजापेक्षा वेगवान असते. आधी जवळून 'चट्ट', मग लांबून बार. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ७०० मीटरवरचा स्फोट दिसल्यावर ऐकू यायला दोन सेकंद लागतात. ती दोन सेकंदं मोकळी सोडा. मी आता तिथे काहीच भरत नाही.

नवखा: शेपर्ड टोन वापरून बघा, मस्त असतो.

रातकिडा: वर वाचलंत का?

दबकी_पावलं: आणि 'डास बूट' (१९८१). पाणबुडीतले लोक वर बघत नुसते ऐकत बसतात. सोनारचा (पाण्यात आवाज सोडून पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राचा) ठोका, पत्र्याची कुरकुर. शत्रू न दाखवणाऱ्यांनी तो बघायलाच हवा.

खडूस_काका: +१. पहिल्यांदाच कुणीतरी प्रश्नाचं उत्तर दिलं.

कोरीपाटी: आभार सगळ्यांचे. टोन घालून पाहिला, बधिर कानातली शिट्टीही घातली, दोन्ही काढून टाकले. दोन सेकंदांचंही जमेना, माझ्या खंदकातून स्फोट दिसतच नाही. चित्रीकरणाच्या दिवशी एका नटाला सर्दी होती, त्याचं चोंदलेलं नाक सगळीकडे वाजतंय. ते रेकॉर्डिंग वाया गेलं समजत होतो. आता तेवढंच ठेवतोय. नवव्या मिनिटाला ते थांबतं.

भोंगा७०: सर्दीसाठी तरी स्पीकर घ्या.